सिलिंडरची भिंत ओळखताना

सिलिंडर म्हटलं की आपल्या घरात आधी आठवतो तो गॅसचा लाल सिलिंडर. आज बोलायचं आहे ते दुसऱ्याच सिलिंडरबद्दल. तो इंजिनाच्या पोटात असतो. मोटारसायकलच्या, रिक्षाच्या, उत्तनच्या कोळ्यांच्या बोटीच्या आणि वैमानिकाचे पहिले धडे देणाऱ्या छोट्या विमानाच्याही. आतून गुळगुळीत अशी ही एक नळी. तिच्यात पिस्टन धावतो, इंधन पेटतं आणि त्या जाळाच्या धक्क्यावर कुठे चाक फिरतं, कुठे पंखा फिरतो. या नळीची आतली भिंत बाहेरून कुणाला दिसत नाही. इंजिन नीट चालतंय तोवर तिची आठवणही कुणाला होत नाही. पण वापरलेलं इंजिन हाती आलं, की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: ही भिंत कसली आहे?

पोलादाची असणार, आणखी कसली? असं आपल्याला वाटतं. पण वरवर सारख्या दिसणाऱ्या या भिंती तीन-चार जातींच्या असतात. प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी, रिंग वेगळी आणि दुखणंही वेगळं. माणसाची जात विचारू नये, या मताचा मी आहे. धातूची मात्र विचारलीच पाहिजे. ती ओळखण्यात गफलत झाली तर मोटारसायकल रस्त्यात बंद पडते आणि ती ढकलत घरी आणता येते. विमान ढकलत आणता येत नाही.

मी इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बीए झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण माझ्या भाच्याने विमान देखभालीचा अभ्यासक्रम केला. त्याची जाडजूड पुस्तकं आमच्या मीरा रोडच्या घरात पसरलेली असत. शिवाय काशिमिऱ्याच्या हायवेलगत एका गॅरेजवाल्या चाचांकडे माझी जुनी बैठक आहे. एकाकडून पुस्तकातलं ऐकलं, दुसऱ्याकडून हातातलं. त्या दोघांच्या शिकवणीतून जे कळलं, ते आज सांगतो.

जुहूपासून चारकोपपर्यंत

मुंबईच्या पश्चिम उपनगरांना छोट्या विमानाची घरघर नवी नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ सालची. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना ठरला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एकाच इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून. या घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी ते उड्डाण पुन्हा करून दाखवलं. या वेळी विमान होतं ‘लेपर्ड मॉथ’. ही विमानं १९३० च्या दशकात बनलेली. त्यांचं ‘जिप्सी मेजर’ इंजिन चार सिलिंडरचं आणि उलटं टांगलेलं. सिलिंडरची डोकी खाली. आपण कौतुक केलं ते ७८ वर्षांच्या वैमानिकाचं, आणि ते योग्यच. पण जवळजवळ अर्धशतकाचं इंजिन समुद्रावरून न्यायच्या आधी कुणीतरी त्या चार सिलिंडरच्या आत डोकावून पाहिलं असणार. त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान बनवलं. त्याचं पहिलं उड्डाण १९५८ सालचं. लाकूड, कापड आणि ९० अश्वशक्तीचं ‘कॉन्टिनेंटल’ इंजिन असा त्याचा थाट होता. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरंपोरी त्यावर शिकली. नंतर सेसना आली. आता महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणीही वैमानिकांचं शिक्षण चालतं.

आणि मीरा रोडहून चर्चगेटची गाडी धरली, तर तिसऱ्या स्टेशनावर, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची सरकार दरबारी नोंद झाली. गच्चीवर पत्रा वाकवता येतो, रिव्हेट मारता येतात. इंजिन मात्र गच्चीवर ओतता येत नाही. ते विकतच आणावं लागतं, आणि खिसा बेताचा असेल तर वापरलेलं. तिथेच आपल्या भिंतीचा प्रश्न उभा राहतो.

तेरा मोटारसायकली एका नळीत

आधी ही नळी केवढी असते ते पाहू. आपल्याकडे घरोघरी असलेल्या जुन्या स्प्लेंडर मोटारसायकलच्या सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आणि घनक्षमता ९७ सीसी. सेसना १७२ जातीच्या बऱ्याच विमानांत ‘लायकोमिंग ओ-३२०’ हे चार सिलिंडरचं इंजिन बसवलेलं असे. त्याच्या एका सिलिंडरचा व्यास पाच इंच एक सूत, म्हणजे १३० मिलिमीटर. एकेका सिलिंडरची क्षमता १,३०० सीसीच्या पुढे. म्हणजे एका नळीत तेरा स्प्लेंडर मावतात. पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेतं. हिशेब केला तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ४५ वेळा वर जातो आणि ४५ वेळा खाली येतो. एवढी घासाघीस ही भिंत तासन् तास सोसते. दोन दुरुस्त्यांमधला काळ या इंजिनाला साधारण २,००० तासांचा सांगितलेला असतो.

हे इंजिन पाण्याने थंड होत नाही, वाऱ्याने होतं. म्हणून सिलिंडरभोवती पातळ पट्ट्यांच्या चकत्या असतात; त्यांना फिन म्हणतात. नळी घडीव पोलादाची आणि वरचं डोकं ॲल्युमिनियमचं. डोकं तापवून फुगवतात आणि थंड नळीवर आट्यांनी पिळून बसवतात. निवलं की ते असं आवळतं, की पुन्हा सहसा सुटं करत नाहीत.

आणखी एक गंमत. ही नळी सरळ नसते. डोक्याकडे ती किंचित अरुंद ठेवलेली असते. इंजिन तापलं की डोक्याकडचा भाग जास्त फुगतो आणि मग कुठे नळी सरळ होते. थंड असताना वाकडी, कामाला लागली की सरळ. अशी माणसंही आपण पाहिलेली असतात. पण हे ठाऊक नसलेला कारागीर मोटारसायकलच्या सवयीने तिला वरपासून खालपर्यंत एकसारखी बोअर करायला गेला, तर चांगली नळी वाया जाते.

चार प्रकारच्या भिंती

पहिली भिंत साध्या पोलादाची. आतून घासून तिच्यावर तिरप्या रेघांची जाळी काढतात, एकमेकींना छेदणारी. याला होनिंग म्हणतात. रेघांच्या त्या बारीक चरांत तेल थांबतं आणि पिस्टनवरच्या रिंगा तेलावरून सरकतात. भिंत झिजली तर आतून थोडी कापून मोठी करता येते आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. स्वस्त, समजायला सोपी, पण गंजाला भित्री.

दुसरी नायट्राइड केलेली. पोलादी नळी अमोनिया वायूच्या भट्टीत पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास बराच काळ तापवतात. वायूतला नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरतो आणि ती कातडी अतिशय कठीण होते. जर्मनीत क्रुप कंपनीतल्या अॅडॉल्फ फ्राय यांनी १९२० च्या दशकात ही रीत नावारूपाला आणली. इथे वेगळा थर चढत नाही, म्हणून सोलून निघण्याची भीती नाही. लोणच्यात फोड मुरावी तसा नायट्रोजन मुरतो म्हणा. फरक इतकाच, की मुरलेली कातडी फार खोल नसते. ती कापून काढली की खाली पुन्हा साधं पोलाद. आणि कठीण झाली तरी ही भिंत गंजते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तिसरी भिंत क्रोमची. नळावरचा चकाकणारा मुलामा हा देखाव्याचा क्रोम, अगदी पातळ. सिलिंडरमध्ये असतो तो जाड आणि कठीण, ज्याला हार्ड क्रोम म्हणतात. जेसीबीच्या हातातला तो चमकता दांडा आठवा. चिखलात, उन्हात, पावसात राहूनही त्याची चमक जात नाही. तोच हा क्रोम. याला गंज जवळजवळ लागत नाही. पण एक दोष आहे. गुळगुळीत क्रोमवर तेल टिकत नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं निसटतं. तेल नाही तर पिस्टन जळणार. यावर व्हॅन डर होर्स्ट या डच इंजिनिअरने तोड काढली. थर चढवून झाल्यावर विजेचा प्रवाह उलटा करायचा. मग क्रोममध्ये बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि त्यात तेल साठून राहतं. दुसऱ्या महायुद्धात झिजलेले सिलिंडर वाचवायला ही रीत फार कामी आली, कारण क्रोम चढवून झिजलेली नळी पुन्हा मूळ मापावर आणता येते. म्हणूनच वापरलेल्या विमान-इंजिनात क्रोमची भिंत दिसली, तर ती अनेकदा नळीचा दुसरा जन्म असतो.

या क्रोमची एक किंमत आहे आणि ती कारागीर मोजतो. मुलाम्याच्या टाक्यांतून उठणाऱ्या बाष्पातला षट्संयुजी क्रोमियम नाकाचा पडदा पोखरतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो, हे सिद्ध झालेलं आहे. चमकणारा दांडा पाहताना मला तो टाकीजवळ उभा असलेला पोरगाही दिसतो. हवा ओढून घेणारा पंखा आणि तोंडावर नीट मुखवटा ही त्याच्यासाठी चैन नव्हे.

चौथी भिंत निकेलची. निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण पेरलेले असतात. जर्मनीच्या माह्ले कंपनीने १९६७ साली ‘निकासिल’ नावाने ती आणली. तेल धरते, झिजत नाही, गंजत नाही. अमेरिकेत काही कारखाने विमानाच्या पोलादी सिलिंडरलाही अशा जातीचा मुलामा देत आले आहेत. आपल्या रस्त्यांवरही ती आलीच आहे. केटीएमच्या ३९० ड्यूकसारख्या मोटारसायकलच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये हाच थर असतो.

एका भाच्याची नव्हे, एका शेजाऱ्याची गोष्ट

आमच्या इमारतीतल्या एका मुलाने अशाच मुलाम्याच्या सिलिंडरची जुनी मोटारसायकल घेतली. धूर येतो म्हणून एका लेथवाल्याकडे दिली. त्याने जन्मभर बिडाचे स्लीव्ह बोअर केलेले. त्याच सवयीने त्याने हा सिलिंडरही कापला. मुलामा गेला आणि खालचं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडलं. तीनशे किलोमीटरही झाले नाहीत तोच पिस्टन जाम.

सिलिंडर पाहून चाचा म्हणाले, “बेटा, कापण्याआधी चुंबक लावला असता तरी कळलं असतं. बिडाच्या स्लीव्हला तो टक्कन चिकटतो. इथे तसा चिकटला नसता.”

माझा भाचा तिथेच होता. तो म्हणाला, “चाचा, तुमचा चुंबक मोटारसायकलला ठीक आहे. विमानाच्या सिलिंडरला तो सगळीकडेच चिकटेल. साधं पोलाद असो, नायट्राइड असो, नाहीतर क्रोम. खाली पोलादच ना!”

चाचांनी मान हलवली. “मग तुम्ही लोक ओळखता कसं?”

या प्रश्नाचं उत्तर पुढे.

रंगांची भाषा

विमानाच्या इंजिनाला बाहेरून रंगाच्या खुणा असतात. लायकोमिंगच्या पद्धतीत सिलिंडरच्या बुडाशी रंगाचा पट्टा असतो, किंवा पुशरॉडच्या बाजूच्या फिनांच्या कडा रंगवलेल्या असतात. नारिंगी म्हणजे क्रोम. निळा म्हणजे नायट्राइड. करडा, किंवा रंगच नाही, म्हणजे मूळ मापाचं साधं पोलाद. हिरवा म्हणजे साधं पोलादच, पण दहा हजारांश इंचाने, सुमारे पाव मिलिमीटरने, मोठं केलेलं. पिवळा म्हणजे वीस हजारांश इंचाने, सुमारे अर्ध्या मिलिमीटरने, मोठं केलेलं.

इथे नवख्याची फसगत होण्याची एक जागा आहे. सिलिंडरच्या डोक्यावर, स्पार्क प्लग आणि रॉकरच्या पेटीच्या मधल्या भागातही कधी पिवळा रंग दिसतो. त्या पिवळ्याचा भिंतीशी काही संबंध नाही. या सिलिंडरला लांब आट्यांचा स्पार्क प्लग लागतो, एवढंच तो सांगतो. रंग तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. आम्हा कवींना हे समजायला अवघड जात नाही. एकच शब्द ओळीत कुठे बसला यावर त्याचा अर्थ ठरतो. वाचणाऱ्याने रंगाबरोबर जागाही वाचली पाहिजे.

पण रंग हा शेवटी रंग. पन्नास रुपयांच्या डबीतून कुणीही लावू शकतो. तेलाने, उष्णतेने तो उडून जातो, करपतो; नारिंगी तपकिरी होतो. शिवाय दुरुस्तीच्या वेळी चारातला एकच सिलिंडर बदललेला असतो. तीन निळे आणि एक नारिंगी असं कुटुंब अजिबात दुर्मिळ नाही. म्हणून चारही सिलिंडर एकेक करून पाहायचे. एक पाहून बाकीचे तसेच असतील असं धरून चालायचं नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण वापरलेल्या इंजिनाला चपखल लागू पडते.

डोळा आणि मोरचूद

रंगानंतर डोळा. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बोअरस्कोप आत सोडतात. ही बारीक दांड्याच्या टोकावरची दुर्बीण. डॉक्टर पोटात घालतात तशी. साध्या पोलादावर होनिंगची तिरपी जाळी दिसते, पिस्टनच्या वाटेवर ती थोडी पुसट झालेली. नायट्राइड भिंत मंद करडी, बिनचमकेची. क्रोम चांदीसारखा पांढरा, आणि नीट पाहिलं तर त्यात तडकलेल्या जुन्या बशीसारखं भेगांचं जाळं. मात्र काजळी आणि तेलाने सगळ्याच भिंती काळपट दिसतात. आधी पुसून घेतलेल्या भिंतीबद्दलच बोलावं.

सिलिंडर सुटा काढलेला असेल तर आणखी एक कसोटी आहे, आणि तिचं साहित्य नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या घरी पोत्याने असतं: मोरचूद. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं. ते पाणी स्वच्छ, तेल पुसलेल्या साध्या पोलादावर टेकवलं, की लोखंड विरघळत जातं आणि तांबं त्याची जागा घेतं. बघता बघता तांबूस डाग उमटतो. धड क्रोमवर असा डाग उमटत नाही. नायट्राइड झालेल्या कातडीवरही तो लगेच धरत नाही. या कसोटीचा खरा उपयोग तर पुढचा आहे. क्रोमच्या भिंतीवर मधेच तांबूस ठिपके आले, तर तिथला मुलामा झिजून खालचं पोलाद उघडं पडलंय असं समजायचं. कसोटी झाली की ते पाणी धुऊन काढून भिंतीला तेल लावायचं, नाहीतर परीक्षेनेच विद्यार्थी मारला असं व्हायचं. आणि हे काम परवानाधारक अभियंत्याचं. हौशी माणसाने चालू इंजिनावर करायचा हा प्रयोग नव्हे.

एका म्यानात दोन तलवारी

एवढा आटापिटा कशासाठी? तर रिंगेसाठी. पिस्टनभोवती ज्या रिंगा असतात त्या आणि भिंत यांची सोयरीक जमावी लागते. नवी रिंग पहिल्या काही तासांत भिंतीवर घासून स्वतःला तिच्या मापाची करून घेते. दोघांपैकी एकाने थोडं झिजायला तयार असावं लागतं. साध्या पोलादाच्या भिंतीला क्रोम चढवलेली रिंग चालते. रिंग कठीण, भिंत नरम. क्रोमच्या भिंतीला मात्र साध्या बिडाची रिंग लागते. क्रोमच्या भिंतीत क्रोमची रिंग कधीही घालायची नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघीही झिजायला तयार नसतात, रिंग बसत नाही, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात. नायट्राइडच्या भिंतीला कोणती रिंग, ते त्या त्या इंजिनाच्या उत्पादकाच्या तक्त्यात पाहूनच ठरवायचं.

रिंग बसली नाही तर काय होतं? जळता वायू तिच्या कडेने खाली निसटतो, तेल वर चढून जळतं, जोर कमी होतो. शिकाऊ मुलगी एकटीच विमानात आहे, धावपट्टी संपत आली आहे आणि इंजिन हवा तेवढा जोर देत नाही, अशी वेळ कल्पनेतसुद्धा आणवत नाही. त्या वेळेचं मूळ काही महिन्यांपूर्वी टेबलावर चुकीची पुडी फोडणाऱ्या हातात असू शकतं.

भिंतीची आणि रिंगेची सोयरीक कशी चालली आहे, हे तपासायची एक सोपी रीत आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि आत किती दाब टिकतो ते दुसऱ्या मापकावर वाचतात. ८० पैकी ७२, ७४ असे गुण मिळतात, शाळेसारखेच. गुण कमी पडले तर कान लावायचा. सुस्कारा धुराड्यातून आला तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. तेलाच्या टाकीच्या श्वासनळीतून आला तर रिंगेचा आणि भिंतीचा. हे करताना पंखा घट्ट धरून ठेवणारा माणूस हवा. आतल्या दाबाने तो अचानक फिरतो आणि त्याचा फटका जिवावर बेततो.

खारी हवा आणि उभं विमान

आपल्या भागातला माणूस गंजाला ओळखतो. भाईंदरच्या मिठागरांवरून येणारी हवा खिडकीच्या गजांचं काय करते, ते आपण दर पावसाळ्यानंतर पाहतो. उत्तनचे कोळी पावसाळी बंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढून इंजिनं खोलतात, ते उगाच नाही. हीच हवा जुहूच्या धावपट्टीवरही असते. विमान जितकं जास्त उडतं तितकं त्याचं इंजिन जपलं जातं, कारण प्रत्येक उड्डाणात तेल भिंतीवर पसरतं आणि आतली ओल तापून निघून जाते. उभं राहिलेल्या इंजिनात तेल खाली ओघळतं आणि उघड्या भिंतीवर दमट हवा बसते. साध्या आणि नायट्राइड भिंतीवर तांबूस गंज येतो, मग खड्डे पडतात. क्रोम इथे बाजी मारतो.

यावर उपाय आहे. बराच काळ उभ्या राहणाऱ्या इंजिनात गंजरोधक तेल फवारतात आणि स्पार्क प्लगच्या जागी पारदर्शक नळ्या बसवतात. त्या नळ्यांत सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात. निळे असले तर आत कोरडं आहे. गुलाबी झाले तर बदला. चपलांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली जी पुडी सापडते, तिचंच हे भावंड.

म्हणून वापरलेलं इंजिन घेताना “किती तास चाललं?” एवढंच विचारून भागत नाही. “किती वर्षं उभं होतं, आणि कुठे?” हेही विचारायचं. फक्त तीनशे तास चाललेलं पण बारा पावसाळे दमट शेडमध्ये काढलेलं इंजिन हे कमी वापरलेलं इंजिन नव्हे. ते दुर्लक्षित इंजिन आहे. लायकोमिंगने तर २,००० तासांच्या जोडीला बारा वर्षांची मुदतही याचसाठी घातली आहे. दोन्हींपैकी जे आधी येईल ते.

कागद बोलतो का?

शेवटची कसोटी कागदाची, आणि खरं तर तीच पहिली. विमानाच्या प्रत्येक इंजिनाला लॉगबुक असतं. कोणत्या तारखेला, किती तासांनी, कोणता सिलिंडर काढला, कोणता भाग-क्रमांक बसवला, कोणी सही केली, हे त्यात लिहिलेलं असतं. सुट्या सिलिंडरबरोबर प्रमाणपत्र येतं. अमेरिकेहून आलेल्याला तिथल्या विमान प्रशासनाचा ‘८१३०-३’ क्रमांकाचा कागद, आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पद्धतीतला ‘सीए फॉर्म १’. सिलिंडरवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे. रंग निळा, कागद म्हणतो क्रोम, आणि बोअरस्कोपमध्ये भेगांचं जाळं, तर रंग खोटा. रंग नारिंगी, कागदच नाही, तर सिलिंडर कितीही चकचकीत असो, तो विमानासाठी नाही. जमिनीवरच्या पंपालाही तो फार महाग पडेल.

भाच्याला मी एकदा विचारलं, “रंग, डोळा, मोरचूद, कागद. यातलं एकच निवडायचं म्हटलं तर?”

तो म्हणाला, “मामू, एकच निवडायला सांगणाऱ्याकडून इंजिन घ्यायचं नाही.”

चारही साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली तर ती खरी. एकाने जरी वेगळं सांगितलं, तरी काम थांबवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायचं. घाई असते, गिऱ्हाईक ताटकळत असतं, मालक घड्याळ दाखवत असतो. तरीही थांबायचं. या देशात रोज कितीतरी तरुण मुलंमुली एकट्याने पहिलं उड्डाण करायला छोट्या विमानात चढतात. त्यांना आपल्या पुढ्यातल्या सिलिंडरची भिंत कसली आहे, हे बहुधा ठाऊकही नसतं. ते ठाऊक असण्याची जबाबदारी जमिनीवर राहणाऱ्याची असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)